परतून आलेल्या लहरी : रडारचे विज्ञान आणि त्यामागची यंत्रणा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२८ फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांना त्यांच्या नावाने पुढे विख्यात झालेला परिणाम दिसून आला. पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरतो तेव्हा त्याचा अत्यल्प अंश बदलून येतो आणि तो बदल त्या पदार्थाची ओळख सांगतो, हे त्या शोधाचे सार होय. त्यानंतर सात वर्षांनी, २६ फेब्रुवारी १९३५ रोजी, इंग्लंडमधील एका शेतात असाच एक प्रयोग झाला. लहर तेथे प्रकाशाची नव्हती, रेडिओची होती आणि ज्यावर ती आपटत होती तो पदार्थ म्हणजे आकाशात उडणारे एक विमान होते. त्या प्रयोगातून पाच वर्षांत एका देशाचे संरक्षण उभे राहिले. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

रडार म्हटले की फिरती ताटली आणि पडद्यावर लुकलुकणारा ठिपका एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. पण ठिपका म्हणजे माहिती नव्हे. ठिपक्याची माहिती कोण करतो, ती कोणाकडे जाते आणि किती वेळात जाते, यावर जय-पराजय अवलंबून राहिला, असा गेल्या शतकाचा इतिहास आहे. म्हणून प्रथम विज्ञान आणि मग ती यंत्रणा, अशा क्रमाने हा विषय पाहू.

हाक आणि प्रतिसाद

सह्याद्रीत भटकणाऱ्याने समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक दिली, तर क्षणभराने तीच हाक परत येते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक दोन सेकंदांनी परतली, तर तिने जाऊन-येऊन ६८० मीटर अंतर कापले, म्हणजे कडा ३४० मीटरवर आहे. हातात घड्याळ असले की दोरी न लावता दरी मोजता येते. वटवाघूळ रात्रभर हेच करीत असते.

रडारमध्ये हाक असते रेडिओलहरीची. तिचा वेग प्रकाशाचा, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ती ३०० मीटर जाते, म्हणून तेवढ्या अवधीने परतलेली लहर १५० मीटरवरील वस्तूची खूण असते. दीडशे किलोमीटरवरील विमानावरून लहर परतायला सेकंदाचा एक सहस्रांश भाग पुरतो. एवढा सूक्ष्म काळ मोजायचा, तर हातातले घड्याळ काय कामाचे? ते काम विद्युत्‌कणांच्या झोताने काचेच्या नळीच्या पडद्यावर रेघ काढणाऱ्या उपकरणाने केले. लहर निघाली की ठिपका डावीकडून उजवीकडे धावू लागतो, प्रतिध्वनी आला की रेघेला मध्येच टोक येते. ते टोक किती अंतरावर आले, ते पट्टीने मोजावे आणि विमानाचे अंतर वाचावे, इतके हे सरळ आहे.

हाक अखंड देत राहिले, तर उत्तर ऐकूच येणार नाही. म्हणून लहर तुकड्यातुकड्यांनी सोडतात. एक अत्यंत आखूड स्पंद सोडायचा, मग गप्प बसून ऐकायचे, मग पुन्हा स्पंद. पहिल्या ब्रिटिश रडार केंद्रांतून सेकंदाला साधारण २५ स्पंद जात आणि प्रत्येक स्पंद सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांपुरताच असे. बोलण्यापेक्षा ऐकण्यातच यंत्राचा बहुतेक वेळ जाई.

आता यातील खरी अडचण पाहावी. प्रक्षेपकातून निघालेली लहर पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की तिची तीव्रता एक चतुर्थांश उरते. विमानावर आपटून परत येताना ती पुन्हा तशीच पसरते आणि पुन्हा एक चतुर्थांश होते. म्हणजे अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. उलट सांगायचे, तर रडारची नजर दुप्पट लांब न्यायची असेल, तर अन्य काही न बदलता शक्ती सोळा पट लागेल. बाजारातला मोठा दिवा आणून हा प्रश्न सुटत नाही. प्रक्षेपक, आकाशक, ग्राहकयंत्र आणि ऐकणाऱ्याचा कान, साऱ्यांचीच कसोटी लागते.

आधी कोणाला सुचले होते?

रेडिओलहरी धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात, हे हाइनरिश हर्ट्‌झ यांनी जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे १८८८ च्या सुमारास दाखवून दिले होते. आपल्याकडे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि त्यांचे परावर्तन, वक्रीभवन, ध्रुवीभवन या सर्वांचे प्रयोग केले. कॉलेजातील तुटपुंज्या साधनांनी आणि स्थानिक कारागिराच्या हातांनी घडविलेली त्यांची उपकरणे आजही अभ्यासकांना चकित करतात. इतक्या आखूड लहरींकडे जग पुन्हा वळले, ते अर्धे शतक उलटल्यावर. बोस यांनी रडार बनविले, असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा त्यांच्या खऱ्या कार्याला उणेपणा आणतो. आखूड लहर प्रकाशासारखी हाताळता येते हे त्यांनी सिद्ध केले, हेच पुरेसे मोठे आहे.

परावर्तनाचा व्यवहारात उपयोग करण्याचे प्रथम मनावर घेतले क्रिस्टियान ह्यूल्समायर या जर्मन तरुणाने. धुक्यात जहाजांची टक्कर टळावी, म्हणून त्याने यंत्र बनविले, १९०४ साली त्याचे एकस्व घेतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोलोन येथे ऱ्हाइन नदीवरील पुलापाशी ते लोकांसमोर चालवून दाखविले. बोट जवळ आली की घंटा वाजे. नौदलाने आणि जहाज कंपन्यांनी पाहिले आणि सोडून दिले. कल्पना जर्मनीत जन्मली आणि तीस वर्षे धूळ खात पडली.

मेंढी, रक्त आणि गणित

१९३० च्या दशकात ब्रिटनला एकच भय होते, आकाशातून पडणाऱ्या बाँबचे. बाँबफेकी विमानाला अडविण्याचा उपाय नाही, ते कसेही करून पोहोचणारच, अशी तेथील राज्यकर्त्यांचीही धारणा होती. विमानाची चाहूल घेण्यासाठी दक्षिण किनाऱ्यावर डेंज येथे काँक्रीटची दोनशे फूट लांबीची वक्र भिंत उभारण्यात आली होती. ती इंजिनाचा आवाज गोळा करी. परंतु विमानांचा वेग वाढत गेला आणि आवाज ऐकून काही करण्याइतका अवधीच उरेना. त्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत.

अशा वेळी 'मृत्युकिरणां'च्या अफवा पसरणे साहजिकच होते. शंभर यार्डांवरून किरणाने मेंढी मारून दाखविणाऱ्याला हवाई खात्याने एक हजार पौंडांचे बक्षीस ठेवले होते. बक्षीस कोणी नेले नाही, मेंढ्या सुरक्षित राहिल्या. अखेर खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॅट या रेडिओ संशोधकाला विचारले, असा किरण शक्य आहे काय? वॉटसन-वॅट यांनी आपले सहकारी अर्नल्ड विल्किन्स यांच्यापुढे एक उदाहरण ठेवले. पाच किलोमीटर दूर आणि एक किलोमीटर उंच ठेवलेल्या आठ पिंट पाण्याचे तापमान ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ वर न्यायला किती रेडिओशक्ती लागेल? आठ पिंट आणि ९८ अंश पाहून विल्किन्स यांच्या ध्यानात आले की हे पाणी नव्हे, माणसाचे रक्त आहे. गणित केले, उत्तर अशक्य कोटीतले आले. मृत्युकिरण निकालात निघाला.

पण ते तेथे थांबले नाहीत. विमान जवळून गेले की रेडिओच्या ग्रहणात खळबळ होते, अशी टपाल खात्याच्या अभियंत्यांची तक्रार विल्किन्स यांना ठाऊक होती. विमान जाळता येत नसेल, पण दिसू शकेल काय? त्यांनी दुसरे गणित मांडले. विमानाचे पंख धातूचे असतात. लहरीची लांबी पंखांच्या दुप्पट असली, तर पंख हे जणू आकाशातले आकाशकच बनतात आणि लहर जोराने परत फेकतात. पंखांचा विस्तार साधारण २५ मीटर, म्हणून लहर ५० मीटरची हवी. या गणिताच्या आधारे वॉटसन-वॅट यांनी १२ फेब्रुवारी १९३५ ला टिपण धाडले. हवाई खात्यात संशोधनाचे काम पाहणारे ह्यू डाउडिंग यांनी सांगितले की कागदावरचे गणित पुरे नाही, विमान प्रत्यक्ष दाखवा.

त्या २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या ४९ मीटर लांबीच्या प्रक्षेपणाचा उपयोग करण्यात आला. काही मैलांवरच्या शेतात एक मोटार उभी केली, तिच्यात ग्राहकयंत्र, बाहेर दोन आकाशके. या दोन आकाशकांची जोडणी अशी केली होती की डॅव्हेंट्रीहून थेट येणारी लहर एकमेकांना छेदून नाहीशी व्हावी. पडदा शांत झाला. मग हेफोर्ड जातीचे बाँबफेकी विमान त्या भागातून उडाले आणि पडद्यावरचा ठिपका उसळू लागला. थेट लहर खोडून टाकल्यावर जी उरली, ती विमानावरून परतलेली लहर होती. सुमारे आठ मैलांपर्यंत विमानाचा माग लागला. तेथे अंतर मोजण्याचा प्रश्न नव्हता. विमान 'दिसते' एवढेच सिद्ध करायचे होते आणि ते झाले. डाउडिंग यांनी पैसे मंजूर करून दिले.

विल्किन्स यांच्या त्या अर्ध्या लांबीच्या नियमाचा उलटा उपयोग आठ वर्षांनी झाला, तोही सांगण्यासारखा आहे. जर्मनांचे 'वुर्झबुर्ग' रडार ५३ सेंटिमीटर लांबीच्या लहरीवर चाले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर हल्ला करताना ब्रिटिश विमानांनी सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या, एका बाजूला धातूचा वर्ख असलेल्या कागदी पट्ट्या लक्षावधींनी आकाशात सोडल्या. प्रत्येक पट्टी लहरीच्या निम्म्या लांबीची. जर्मन पडद्यांवर विमानांचे जंगल उगवले आणि खरे विमान त्यात हरवून गेले. प्रतिध्वनी खोटे बोलत नव्हता, पट्ट्यांवरून लहर खरोखरच परतत होती. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लागत होता.

एका केंद्राचे ऐकू नये

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध भडकले तेव्हा ब्रिटनच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर सुमारे वीस केंद्रांची साखळी उभी होती. प्रक्षेपणासाठी ३६० फूट उंचीचे पोलादी मनोरे, ग्रहणासाठी २४० फुटांचे लाकडी. हे मनोरे फिरत नसत. ते दिव्याच्या झोतासारखी लहर न सोडता समुद्रावर साऱ्या बाजूंनी लहरींचा पूर सोडीत. तज्ज्ञांच्या दृष्टीने हे तंत्र ओबडधोबडच होते. जर्मनांची 'फ्राया' आणि 'वुर्झबुर्ग' ही यंत्रे अधिक आखूड लहरींवर चालणारी, फिरणारी आणि कितीतरी अचूक होती. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनांनी 'ग्राफ झेपेलिन' हे प्रचंड आकाशयान उपकरणांनी भरून ब्रिटिश किनाऱ्यालगत हेरगिरीसाठी पाठविले. इतक्या लांब लहरींवर कोणी रडार चालवील, ही कल्पनाच त्यांना शिवली नाही. किनाऱ्यावर मनोरे डोळ्यांना दिसत होते, पण त्यांचा उलगडा न होता यान परत गेले. आपल्या पद्धतीहून वेगळी पद्धत असू शकते, हे मानायला विद्वानांनाही जड जाते.

मग ओबडधोबड यंत्राने बाजी कशी मारली? येथे या कथेचे मर्म आहे.

ब्रिटिश केंद्राला विमानाचे अंतर बऱ्यापैकी अचूक कळे, पण दिशा कळे ती अंदाजाने. एकच जथा तीन केंद्रांना दिसला, तर तीन केंद्रे तीन वेगळ्या जागा सांगत. आणि तीन जथे आल्याचा भास होई. यावर तोडगा निघाला तो भूमितीचा. शाळेतला कंपास आठवावा. एका केंद्रापासून ८० किलोमीटर अंतराचा कंस काढा, दुसऱ्यापासून ६५ किलोमीटरचा. दोन कंस समुद्रावर जेथे छेदतात, तेथे शत्रू आहे. दिशेच्या अंदाजावर विसंबण्याचे कारणच उरले नाही. यासाठी सर्व केंद्रांची वार्ता दूरध्वनीने एका ठिकाणी येणे आवश्यक होते. ते ठिकाण म्हणजे लंडनजवळच्या स्टॅनमोर येथील बेंटली प्रायरीतील 'फिल्टर रूम', गाळणीची खोली म्हणा. तेथे नकाशाच्या मोठ्या मेजाभोवती उभ्या राहिलेल्या कर्मचाऱ्यांनी खुणा मांडायच्या, अधिकाऱ्याने त्या पडताळायच्या, चुकीच्या उचलून टाकायच्या आणि जी एक खूण उरेल, तीच पुढे जायची. पुढे म्हणजे चार विभागांच्या मुख्यालयांकडे आणि तेथून विमानतळांकडे. एकदा विमाने किनारा ओलांडून आत आली, की समुद्राकडे पाहणारी ही केंद्रे आंधळी होत. तेथून पुढचा माग दुर्बीण घेऊन टेकड्यांवर उभे राहणारे सुमारे तीस हजार निरीक्षक ठेवीत. त्यांच्यापैकी बहुसंख्य साधे नागरिक होते. दुकानदार, शेतकरी, मास्तर.

ही पद्धत युद्धात सुचलेली नव्हती. साखळी पुरी होण्याच्या कितीतरी आधी, १९३६ मध्येच, बिगिन हिल विमानतळावर तिचा सराव सुरू झाला होता. रडार असेल असे गृहीत धरायचे, जमिनीवरून वैमानिकाला दिशा सांगायची आणि समोरून येणारे विमान गाठायचे. नाकासमोर ठिपका नसताना ठिपक्याचे काय करायचे, हे त्यांनी आधी शिकून घेतले. डाउडिंग आता लढाऊ विमानदलाचे प्रमुख झाले होते आणि या साऱ्या रचनेमागे त्यांचा आग्रह होता.

तरीही पहिला घाव स्वतःच्याच हातून बसला. युद्धाला तीन दिवस झाले असताना, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, खोट्या सूचनेवरून विमाने उडाली. त्यांच्या मागोमाग आणखी उडाली, आणि स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली. एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. मित्र आणि शत्रू यांचा प्रतिध्वनी सारखाच असतो, ही गोष्ट त्या दिवशी रक्ताने लिहिली गेली. आपल्या विमानातून विशिष्ट खुणेचे उत्तर देणारे उपकरण बसविण्याची निकड त्यानंतर सर्वांना पटली.

ऑगस्ट १९४०

१२ ऑगस्ट १९४० रोजी जर्मनांनी डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनॉर या चार केंद्रांवर नेमके हल्ले केले. इमारती कोसळल्या, तारा तुटल्या. पण जाळीदार मनोरे उभेच राहिले, कारण स्फोटाचा वारा त्यांच्या सांगाड्यातून आरपार जाई. पहिली तीन केंद्रे काही तासांत बोलू लागली. व्हेंटनॉर मात्र अनेक दिवस बंद पडले. तेव्हा दुसऱ्या प्रक्षेपकातून तेथे नुसतीच लहर सोडत राहण्याची युक्ती करण्यात आली. ती ऐकणारे कोणी नव्हते, पण पलीकडच्या किनाऱ्यावर जर्मनांना वाटले की केंद्र सुरूच आहे. तीनच दिवसांनी गोअरिंग यांनी आपल्या सेनापतींच्या बैठकीत रडार केंद्रांवरील हल्ल्यांचा उपयोग होत नसल्याचे मत दिले आणि ते जवळजवळ थांबले. युद्धातील मोठ्या चुकांमध्ये तिची गणना होते.

त्याच १५ तारखेला नॉर्वेहून निघालेली जर्मन विमाने ब्रिटनच्या उत्तर किनाऱ्यावर आली. सारी लढाई दक्षिणेत चालली आहे, उत्तरेत कोणी नसेल, असा त्यांचा हिशेब. साखळीने त्यांना समुद्रावरच हेरले, विमाने तयार होती. तेथून एवढा मोठा दिवसाढवळ्या हल्ला पुन्हा झाला नाही.

ही केंद्रे चालविणाऱ्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. १८ ऑगस्टला पोलिंग केंद्रावर बाँब पडत असताना कॉर्पोरल अ‍ॅव्हिस हर्न दूरध्वनीवर एकट्या बसून इतर केंद्रांकडून येणाऱ्या खुणा पुढे सांगत राहिल्या. त्यांना पुढे मिलिटरी मेडल देण्यात आले. काचेच्या नळीवरचे टोक पाहून ही पाच विमाने की पन्नास, हे सांगणे यंत्राला साधत नसे. टोकाची थरथर पाहून ते अनुभवी डोळ्यांनाच कळे. आठ-दहा महिन्यांच्या सरावाने आलेली ती नजर.

सात वाजून दोन मिनिटे

याच्या नेमके उलट घडले ते दीड वर्षाच्या आत, जगाच्या दुसऱ्या टोकाला. 'रडार' हे नाव १९४० मध्ये अमेरिकी नौदलाने दिलेले. उलटसुलट कसेही वाचा, शब्द तोच, जाणाऱ्या-येणाऱ्या लहरीसारखा. नाव देणाऱ्या त्या देशाचे एक रडार हवाई बेटांपैकी ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला, ओपाना येथे बसविलेले होते. यंत्र चांगले होते. सुमारे तीन मीटर लांबीच्या लहरींवर चालणारे, फिरणारे, दिशाही नीट सांगणारे.

७ डिसेंबर १९४१, रविवार. पहाटे चार ते सात एवढीच पाळी असे. जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज इलियट हे दोन जवान कामावर होते. सात वाजले, पण न्याहारीला नेणारी गाडी यायची होती, म्हणून सरावासाठी त्यांनी यंत्र चालूच ठेवले. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एवढे मोठे टोक उमटले की प्रथम त्यांना यंत्रच बिघडल्याची शंका आली. अंतर सुमारे २१० किलोमीटर, दिशा उत्तर. जपानी हल्ल्याच्या पहिल्या लाटेतील १८३ विमाने ती.

त्यांनी दूरध्वनी केला. फोर्ट शाफ्टर येथे ब्रिटिश धर्तीवर माहिती केंद्र उभारण्याचे काम चालू होते. पण सात वाजता तेथील कर्मचारी न्याहारीस निघून गेलेले, मागे उरले होते दूरध्वनीवरचा एक जवान आणि लेफ्टनंट कर्मिट टायलर. टायलर यांची तेथील ती दुसरीच पाळी होती. त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिलेले नव्हते. त्याच सकाळी कॅलिफोर्नियाहून अमेरिकेचीच बी-१७ विमाने यायची होती. ती येतात तेव्हा त्यांना दिशा कळावी, म्हणून होनोलुलूचे रेडिओ केंद्र रात्रभर गाणी लावते, हे टायलर यांनी ऐकलेले होते आणि कामावर येताना त्यांनी ती गाणीही ऐकली होती. त्यांनी काळजी न करण्यास सांगितले. लॉकार्ड यांनी टोक किती मोठे आहे, हे सांगितले. पण इतकी विमाने येणे शक्य आहे काय, हा प्रश्न विचारायला दुसरे कोणी खोलीत नव्हते. आपली विमाने आणि परकी विमाने वेगळी ओळखण्याचीही तेथे सोय नव्हती.

दोघे जवान माग ठेवत राहिले. सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी, बेटापासून तीसेक किलोमीटरवर, टेकड्यांच्या प्रतिध्वनीत ते टोक दिसेनासे झाले. न्याहारीची गाडी आली, यंत्र बंद करून ते निघाले. सात पंचावन्नला पर्ल हार्बरवर पहिले बाँब पडले. त्या सकाळी २,४०३ अमेरिकनांनी प्राण गमावले. टायलर यांना पुढील चौकशांत शिक्षा झाली नाही, आणि न्यायाने पाहिले तर व्हायलाही नको होती. ज्याच्यामागे गाळणीची खोली नाही, त्याच्या कानावर प्रतिध्वनी पडूनही काय होणार?

आपल्याकडे

आपल्या देशातही या विद्येचे मोल युद्धानेच शिकविले. १९६५ च्या युद्धात पश्चिम सीमेवर वायुदलाची मुख्य भिस्त अमृतसर येथील २३० सिग्नल युनिटच्या रडारवर होती. सांकेतिक नाव 'फिश ऑइल', प्रमुख विंग कमांडर दंडपाणि. पाकिस्तानी वायुदलाने हे केंद्र नष्ट करण्यासाठी पुनःपुन्हा हल्ले केले, परंतु ते बंद पाडणे त्यांना साधले नाही. व्हेंटनॉरची आठवण व्हावी, अशीच ही कथा आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते.

१९९९ च्या कारगिल संघर्षात उणीव भासली ती वेगळ्या रडारची. तोफेचा गोळा हाही धातूचाच. त्यावरूनही लहर परतते. गोळा वर चढत असतानाच त्याची चार-दोन स्थाने टिपली, की त्याच्या मार्गाचा वक्र मागे काढत नेता येतो आणि गोळा पडण्याआधीच तोफ कोठे आहे हे कळते. असे रडार पाकिस्तानजवळ होते, आपल्याजवळ नव्हते. डोंगरामागच्या तोफा शोधण्यासाठी आपल्या जवानांना डोळ्यांवर आणि अंदाजावर विसंबावे लागले. युद्धानंतर काही रडारे अमेरिकेकडून घेण्यात आली. पुढे बंगळूरच्या रडार विकास संस्थेने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने 'स्वाती' हे स्वदेशी रडार सिद्ध केले आणि २०१७ मध्ये ते सैन्याच्या स्वाधीन झाले. २०२० मध्ये आर्मेनियाने त्याची मागणी नोंदविल्याचे वृत्त आले.

प्रतिध्वनी केवळ शत्रूचाच ऐकावा असे नाही. सेंटिमीटरांच्या लहरी पावसाच्या थेंबांवरून विखुरतात. एका थेंबाचा प्रतिध्वनी नगण्य, पण ढगात असे अब्जावधी थेंब असतात. थेंब जवळ येत असतील, तर परतलेली लहर किंचित दाबली जाते, दूर जात असतील तर ताणली जाते. जवळून निघून जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसेच हे. त्यावरून ढगातील वाऱ्याचा वेग कळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा मुंबईत असे डॉप्लर रडार नव्हते. ते नंतर कुलाब्याला बसविण्यात आले. त्या दिवशी घरी न परतलेल्यांची घरे आजही मुंबईत आहेत.

मे २०२५ मध्ये, 'ऑपरेशन सिंदूर'नंतर, ७ आणि ८ तारखेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने उत्तर आणि पश्चिम भारतातील अनेक सैनिकी ठिकाणांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. ती निष्फळ ठरविताना क्षेपणास्त्रांची चर्चा फार झाली. परंतु वायुदलाची एकात्मिक हवाई नियंत्रण प्रणाली आणि सैन्याची 'आकाशतीर' या दोन जाळ्यांची चर्चा त्यामानाने कमी झाली. नाना ठिकाणच्या, नाना जातींच्या रडारांचे ठिपके एकत्र आणणे, तीन ठिपके एकाच वस्तूचे असतील तर त्यांचा एक ठिपका करणे, आपले आणि परके वेगळे करणे आणि ज्याच्या टप्प्यात लक्ष्य येते त्याच्यापर्यंत ती वार्ता पोहोचविणे, हेच त्यांचे काम. बेंटली प्रायरीतील मेजावर हातांनी होत असे, ते येथे संगणक करतात.

मात्र संगणकालाही आज एक जुना प्रश्न नव्याने सतावतो आहे. लहानसा ड्रोन प्लॅस्टिकचा, पंख दोन-चार विती, वेग कमी, उड्डाण झाडांच्या उंचीवरून. त्याचा प्रतिध्वनी घारीच्या प्रतिध्वनीइतकाच. यापूर्वी रडारचे तंत्रज्ञ मंद गतीच्या साऱ्या खुणा पक्षी समजून गाळून टाकीत असत, पडदा स्वच्छ राहावा म्हणून. आता तीच गाळणी शत्रूला वाट करून देऊ शकते. म्हणून परतलेल्या लहरीत आणखी बारीक शोध चालू आहे. ड्रोनच्या पंख्याची पाती सेकंदाला अनेकदा फिरतात आणि लहरीवर एक नियमित थरथर उमटवतात. घार पंख हलविते ते सावकाश, आणि वाऱ्यावर तरंगताना तर हलवीतही नाही.